परक्याचें लेंकरूं



शास्त्रांत कुत्र्याचें नांव फारसें गौरवानें आलेलें नाहीं. इस्राएल लोकांत तें अशुद्ध जनावर गणलें जाई, आणि एखाद्याला कुत्रा म्हणणें ही त्या काळींही शिवीच होती. आमच्या खेड्यांतही याहून निराळें नाहीं. ज्यांचे वाडवडील गांवकुसाबाहेर राहिले, त्यांतील पुष्कळांनीं हा शब्द माणसांसाठीं योजिलेला आपल्या कानांनीं ऐकिला आहे. असें असूनही आज या पत्राच्या वाचकांपुढें एका कुत्रीची गोष्ट ठेवावी असें योजिलें आहे. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. ईयोबाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत माणसाला पशुपक्ष्यांकडे शिकावयास पाठविलें आहे. शलमोन आळशाला मुंगीच्या शाळेंत धाडतो. आणि यशया आपल्या लोकांचा कृतघ्नपणा त्यांच्या पदरीं घालतांना गोठ्यांतल्या बैलाचा व गाढवाचा दाखला देतो. हीं पुस्तकें देवाचें वचन म्हणून ज्यांनीं मानिलीं, त्यांना कुत्रीपासून धडा घेण्यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं.

इंग्लंड देशांत वॉरिकशायर नांवाचा परगणा आहे. तेथें २००३ सालीं पोलिसांनीं एका बागेंतलें लांकडी खोपट उघडलें. आंत एक कुत्री होती. कोणीं तरी तिला कोंडून, दार लावून, तशीच टाकून दिली होती. ती घाणीनें माखलेली, उपासमारीनें खंगलेली, आणि माणूस दिसतांच अंग चोरून कण्हणारी अशी होती. ती ग्रेहाऊंड जातीची होती. आमच्याकडे मुधोळ किंवा कारवान म्हणून जीं उंच, सडपातळ, पोट आंत गेलेलीं शिकारी कुत्रीं असतात, त्यांचीच ती विलायती बहीण समजावी. या जातीला शेंकडों वर्षें माणसानें एकाच कामासाठीं वाढविलें: सशाला पाहावें, त्याच्यामागें धांवावें आणि त्याला धरावें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडेल.

पोलिसांनीं त्या कुत्रीला जवळच्याच ननीटन गांवीं वन्य प्राण्यांसाठीं चालविलेल्या एका आश्रयस्थानांत नेऊन दिलें. तेथें तिचें नांव जास्मिन ठेविलें. त्या लोकांनीं दोन गोष्टी मनावर घेतल्या: तिच्या शरीरास बळ आणावयाचें, आणि माणसावरचा तिचा उडालेला विश्वास परत मिळवावयाचा. याला कित्येक आठवडे लागले. खाणें देऊन पोट लवकर भरतें, पण भीति लवकर जात नाहीं, हें ज्यांनीं मारकुट्या घरांतून आलेलें मूल संभाळिलें आहे त्यांस सांगावयास नको.

ती बरी झाल्यावर तिच्यासाठीं कायमचें घर पाहावें असा विचार चालला होता. पण झालें निराळेंच. रेल्वेच्या रुळांजवळ टाकून दिलेलीं कुत्र्याचीं दोन लहान पिलें तेथें आणिलीं गेलीं. जास्मिन पुढें झाली, तिनें एका पिलाला मानेच्या कातडीला हळूच धरून उचललें आणि बैठकीवर नेऊन ठेविलें. मग परत जाऊन दुसरें आणिलें, आणि दोघांना कुशींत घेऊन पडली. हीं निदान तिच्या जातीचीं तरी होतीं. पण पुढें कोल्ह्याचीं पोरकीं पिलें आलीं, बिळांत राहणाऱ्या बॅजर नांवाच्या प्राण्याचीं पिलें आलीं, गिनीपिग आले, कोंबड्यांचीं पिलें आलीं, आणि ससेही आले. त्या सर्वांना तिनें चाटून स्वच्छ केलें, ऊब दिली व आपल्या अंगावर खेळूं दिलें. शेतांत अर्धवट शुद्धींत सांपडलेलें रो जातीच्या हरणाचें एक पाडस तेथें आणिलें गेलें, तेव्हां त्याला बिलगून ऊब देणारी हीच होती; आणि तें पाडस उठून चालूं लागल्यावर तिच्या पायांतून घोंटाळत असे. २००८ च्या सुमारास वर्तमानपत्रांत तिची हकीकत व छायाचित्रें आलीं, तोंपर्यंत तिनें सुमारें पन्नास पोरक्या जीवांना आईची माया दिली होती असें त्यांत सांगितलें होतें.

ससा जिची शिकार, तिच्या दोन पंजांमध्यें सशाचीं पिलें निजलीं. यशयाच्या अकराव्या अध्यायांत लांडगा व कोंकरूं यांच्या सोबतीचें जें चित्र आहे तें येणाऱ्या राज्याचें आहे. एका गांवांतल्या बैठकीवर तें पुरें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याची किंचित् छाया तेथें पडली असें म्हणण्यास हरकत नसावी.

आतां प्रश्न असा कीं, या कृत्याला काय नांव द्यावें? ही दया आहे काय? जनावराला पुण्य असूं शकतें काय?

कित्येक म्हणतील, यांत दयाबिया कांहीं नाहीं. कुत्रीच्या अंगांत पिलें संभाळण्याची प्रवृत्ति असते. लहान, मऊ, कुंईकुंई करणारें कांहीं समोर आलें कीं ती जागी होते. जनावरांचे डॉक्टर सांगतात कीं, माजावर येऊन गेलेली पण गाभण न राहिलेली कुत्री कधीं कधीं गाभणपणाचीं सारीं चिन्हें दाखविते, तिला दूधही येतें, आणि ती एखादी जुनी वहाण किंवा चिंधी पिलासारखी जपूं लागते. हा शरीरांतल्या रसांचा खेळ आहे. फ्रान्सचा तत्त्ववेत्ता देकार्त (१५९६–१६५०) तर जनावर म्हणजे एक प्रकारचें यंत्रच असें मानी. उलट पक्षीं डार्विननें १८७१ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, माणसाच्या नीतीचें मूळच कळपांत राहणाऱ्या प्राण्यांच्या परस्परप्रेमांत आहे. एकानें कुत्र्याला दगडाच्या बाजूला बसविलें, दुसऱ्यानें माणसाला कुत्र्याच्या पंगतीला बसविलें, असें कांहीं वाचकांस वाटेल. या दोघांच्या वादांत न शिरतां साध्या माणसालाही दोन गोष्टी समजूं शकतात.

पहिली गोष्ट ही कीं, एखाद्या चांगल्या गोष्टीचें कारण सांपडलें म्हणून तिचा चांगुलपणा नाहींसा होत नाहीं. आईला लेंकरूं दिसतांच पान्हा फुटतो, त्यालाही शरीरांत कारण आहे. म्हणून आईची माया खोटी ठरते काय? यशयाच्या एकुणपन्नासाव्या अध्यायांत देवानें आपल्या प्रीतीची खूण पटविण्यासाठीं दुसरी कोणतीही उपमा न घेतां अंगावर पाजणाऱ्या आईचीच उपमा घेतली आहे. ज्यानें शरीर केलें त्यानेंच त्यांत हे झरे ठेविले. झऱ्याचें पाणी कोणत्या खडकांतून येतें हें कळलें तरी तहान भागावयाची ती भागतेच.

दुसरी गोष्ट ही कीं, चांगलें काम आणि पुण्य यांत भेद आहे. जास्मिनचें काम चांगलें होतें; त्या पाडसाला ऊब मिळाली ती खरीच होती. पण तिला त्याचें श्रेय नाहीं, आणि श्रेयाची गरजही नाहीं. "हें पोर माझ्या जातीचें नाहीं, मी कां संभाळूं?" असा विचार तिच्यापुढें उभा राहिला आणि तो तिनें जिंकिला, असें झालें नाहीं. हा विचार उभा राहतो तो आमच्यापुढें. होय किंवा नाहीं म्हणण्याचें सामर्थ्य माणसाला आहे, म्हणून माणसाच्या 'होय' ला नीति म्हणतात आणि त्याच्या 'नाहीं' ला पाप म्हणतात. तेव्हां कुत्रीची गोष्ट ऐकून कुत्रीची पूजा करावयाची नाहीं. स्वतःकडे पाहावयाचें आहे.

येथें कोणी म्हणेल, "बरें तर, प्रवृत्तीवर भरंवसा ठेवावा; जनावराला जमतें तें माणसाला आपोआप जमेल." असें म्हणणारानें एकदां धनगराच्या वाड्यावर जाऊन यावें. मेंढी आपलें कोंकरूं वासावरून ओळखते. दुसऱ्याचें कोंकरूं आंचळाला तोंड लावूं लागलें तर ती हुंगते आणि डोक्यानें ढकलून देते. तें उपाशीं मरेल याची तिला पर्वा नसते. एखाद्या मेंढीचें कोंकरूं मेलें आणि दुसरें एखादें कोंकरूं पोरकें झालें, तर मेंढपाळ काय करितात? मेलेल्या कोंकराचें कातडें काढून पोरक्याच्या अंगावर चढवितात. मेंढी हुंगते, तिला आपल्याच पोराचा वास येतो, आणि ती त्याला पाजते. गाईचें वासरूं मेलें म्हणजे त्याच्या कातड्यांत पेंढा भरून तिच्यापुढें ठेवितात, तेव्हां ती पान्हवते. हें तर आमच्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. प्रवृत्तीचा सर्वसाधारण नियम हा आहे. आपल्याला पाजावें, परक्याला ढकलावें. जास्मिनसारखें उदाहरण वर्तमानपत्रांत छापिलें जातें तें यासाठींच, कीं तें क्वचित् घडतें.

आणि बंधूंनो, माणसाचें नाक मेंढीच्या नाकाहून तीक्ष्ण आहे. मेंढी एका कळपांत आपलें व परकें इतकेंच ओळखते. आम्ही आडनांव हुंगतों, गांव हुंगतों, पूर्वीची जात हुंगतों. प्रभूच्या मेजासमोर जे एका भाकरींतून खातात, तेच सोयरीक जुळवितांना तीनचार पिढ्यांमागची जात विचारतात. गांवांत एखादें मूल पोरकें झालें, तर पहिला प्रश्न "तें जेवलें काय?" हा न निघतां "तें कोणाचें?" हा निघतो. आपल्या मंडळींतलें असेल तर चर्चा होते. दुसऱ्या मिशनच्या मंडळींतलें असेल तर त्या मंडळीनें पाहावें असें ठरतें. आणि अक्रिस्ती घरचें असेल तर तो विषयच निघत नाहीं. लूकाच्या दहाव्या अध्यायांत शास्त्र्यानें आपला शेजारी कोण असें प्रभूला विचारिलें तें याच नाकानें विचारिलें होतें. तेथें प्रभूनें त्याला यादी दिली नाहीं. वाटेंत पडलेला एक जखमी मनुष्य दाखविला, आणि त्याच्यावर तेल व द्राक्षारस ओतणारा परजातीचा मनुष्य दाखविला.

तेव्हां मनुष्याला प्रवृत्ति पुरत नाहीं. त्याला आज्ञा लागते, आणि आज्ञेच्या मागें आठवण लागते. मोशेच्या नियमशास्त्रांत परदेशीयावर प्रीति करण्याची आज्ञा ज्या ज्या ठिकाणीं आहे, त्यांतील पुष्कळ ठिकाणीं तिचें कारणही दिलें आहे: तुम्हीही एके काळीं मिसर देशांत परके होतां. निर्गमाच्या बाविसाव्या व तेविसाव्या आणि अनुवादाच्या दहाव्या अध्यायांत वाचकांनीं हें स्वतः पाहावें. देव इस्राएलाला असें सांगत नाहीं कीं, परकी माणसें चांगलीं असतात म्हणून त्यांच्यावर प्रीति करा. तो सांगतो, तुम्ही कोठून आलां तें विसरूं नका.

पण येथें एका सोप्या चुकीपासून सावध राहिलें पाहिजे. दुःख सोसल्यानें मनुष्य दयाळू होतो, असें आम्ही सहज बोलून जातों. तें खरें नाहीं. ज्या कुत्र्याला फार मारिलें तें बहुधा चावरें होतें. सासूचा जाच सोसलेल्या सर्वच सुना पुढें प्रेमळ सासवा होतात काय? सावकाराच्या दारीं नाक घासलेला मनुष्य चार पैसे जमतांच स्वतः सावकारी करूं लागतो, हें कोणत्या गांवांत घडलें नाहीं? मत्तयाच्या अठराव्या अध्यायांतला तो चाकर आठवा. त्याचें फेडतां न येण्यासारखें कर्ज धन्यानें सोडिलें. आणि बाहेर पडतांच त्यानें किरकोळ रकमेसाठीं सोबतीचा गळा धरिला. त्यानें कर्जाची भीति सोसली होती, आणि वर क्षमाही मिळविली होती. तरी त्याचें मन वळलें नाहीं. क्षमा त्याच्या खात्यावर पडली, अंतःकरणांत उतरली नाहीं.

जास्मिनच्या गोष्टींत खोपटांतला काळोख तिचा गुरु नव्हता. तिला शिकविलें असेल तर त्या पुढच्या आठवड्यांनीं. ज्या हातांना ती भीत होती, त्याच जातीच्या हातांनीं तिच्यापुढें अन्न ठेविलें, तिची घाण धुतली, तिच्याजवळ घाई न करितां बसून राहिले. आणि त्याही आधीं एक गोष्ट घडली होती: दार बाहेरून उघडलें होतें. आंतून तें तिला उघडतां आलें नसतें.

तें दार उघडणारा हात कोठून आला, हेंही थोडें पाहण्यासारखें आहे. पोलिसांनीं जनावरासाठीं दार उघडावें, ही गोष्ट जगांत सदैव नव्हती. इंग्लंडांत गुराढोरांस क्रूरपणें वागविण्याविरुद्ध पहिला कायदा १८२२ सालीं झाला, आणि १८३५ च्या कायद्यानें कुत्र्यांनाही संरक्षण मिळालें. या दोहोंच्या मध्यें, १८२४ सालीं, जनावरांवरील क्रूरता थांबविणारी पहिली संस्था लंडनांत निघाली. ती स्थापणाऱ्यांत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झुंजलेले विल्बरफोर्स होते, आणि तिचा पहिला चिटणीस आर्थर ब्रूम नांवाचा एक पाळक होता. त्यानें या कामासाठीं आपली मंडळी सोडिली, आणि संस्थेचें कर्ज फिटेना म्हणून त्याला तुरुंगांतही जावें लागलें. लोक त्याला हंसले असतील. एका पाळकाला घोड्यागाढवांची काय चौकशी, असेंही म्हणाले असतील. पण पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळानंतर एका खोपटाचें दार उघडलें त्यांत त्याच्या तुरुंगवासाचाही वांटा आहे. आपल्या देशांतही १९६० पासून जनावरांवरील क्रूरतेस बंदी करणारा कायदा आहे, हें बैलाला पराणी टोंचणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें.

आतां ही गोष्ट माणसांत, आणि आमच्याच भूमींत, घडलेली पाहूं. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान पुराणिक; सारें कुटुंब तीर्थोतीर्थीं पायीं फिरत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंतल्या दुष्काळांत त्यांच्या जवळचें सर्व संपलें, आणि थोड्याच महिन्यांत वडील, आई व वडील बहीण अन्नाविना मरण पावलीं. भाऊबहीण दोघेंच उरलीं; पुढें १८८० सालीं भाऊही गेला. अशा मनुष्यानें जगावर रागावून बसलें असतें तर कोणीं दोष दिला असता? पण १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडल्याची वार्ता येतांच रमाबाई स्वतः तेथें गेल्या. त्यांनीं हाडांचे सांपळे झालेल्या मुली व विधवा पाहिल्या, आणि त्यांतील शेंकडोंना त्यांनीं पुण्याकडे आणिलें. त्यांच्यासाठीं पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें जें मुक्तिसदन उभें राहिलें तें आजही आहे. या मुली रमाबाईंच्या गांवच्या नव्हत्या, पुष्कळींची भाषाही निराळी होती, आणि जातीची चौकशी करण्यास तर तेथें वेळच नव्हता. रमाबाईंना त्यांच्यांत स्वतःची मेलेली बहीण दिसली असेल. पण नुसती भूक आठवून हें होत नाहीं, हें आपण वर पाहिलेंच. आपल्याला कोणीं तरी घरांत घेतलें आहे, ही जाणीव त्यांच्या ठायीं होती. ख्रिस्ताच्या कृपेविषयीं त्यांनीं जें लिहून ठेविलें आहे त्यांत ती पानोपानीं दिसते.

आणि वाचकहो, रमाबाईंचें नांव घेऊन आपण सुटत नाहीं. महाराष्ट्रांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत अशीं पुष्कळ घराणीं आहेत कीं, ज्यांचा आजा, पणजा किंवा पणजी १८७६ ते १८७८ च्या, १८९६–९७ च्या अथवा १८९९–१९०० च्या दुष्काळांत पोरकी होऊन एखाद्या मिशनच्या अनाथाश्रमांत शिरली. तिचें नांव काय, गांव कोणतें, आईबाप कोण, हें कित्येकांच्या बाबतींत कोणास माहीत नव्हतें. तिला ताटलींत कांजी वाढणारानें तें विचारिलें असेल तर जेवण झाल्यावर विचारिलें असेल. त्या ताटलीमुळें आज आमचीं पोरें शिकलीं, पाळक झालीं, शिक्षक झालीं, परिचारिका झालीं. आणि ज्यांच्या घराण्यांत असें कोणी नाहीं, तेही आत्म्याच्या दृष्टीनें पोरकेच होते. रोमकरांस लिहितांना पौलानें दत्तक घेतल्याचा जो शब्द योजिला आहे, तो त्याच्या काळच्या रोमी लोकांना कायद्याचा म्हणून ठाऊक होता: दत्तक पुत्राला औरस पुत्राप्रमाणें नांव व वारसा मिळे. देवाच्या घरांत आपल्यापैकीं प्रत्येक जण त्या दारानें आला आहे. मेंढीच्या गोष्टींतल्या पोरक्या कोंकरासारखे आपण दुसऱ्याच्या अंगरख्यांत झांकले जाऊन स्वीकारले गेलों. आणि ज्याचा तो अंगरखा, तो आपल्यासाठीं मरण पावला होता. अशा घरांत बसून दाराशीं आलेल्याला "तूं कोणाचा?" असें आपण कोणत्या तोंडानें विचारावें?

पण दया करितांनाही विवेक पाहिजे. त्याविषयीं तीन गोष्टी सांगणें अवश्य आहे.

पहिली ही कीं, दया म्हणजे गळाला लाविलेलें आमिष नव्हे. जास्मिननें कोल्ह्याचीं पिलें संभाळिलीं, पण त्यांस कुत्रीं करण्याची खटपट केली नाहीं. त्या आश्रयस्थानाचा हेतूही हाच होता कीं, रानांतला जीव बरा होऊन रानांत परत जावा. आमच्यावर पूर्वीपासून आरोप आहे कीं, दुष्काळांत भाकरी दाखवून यांनीं लोक बाटविले. हा आरोप सर्वस्वीं खरा नाहीं. पण तो खरा ठरेल असें एकही कृत्य आमच्या हातून होतां कामा नये. पोरक्या मुलाला जेवूं घालतांना मंडळीच्या नोंदवहींत एक नांव वाढेल असा हिशेब ज्याच्या मनांत येतो, त्यानें तो हिशेब आधीं प्रभूपुढें ठेवावा. भाकरी ही भाकरी म्हणून द्यावी. शुभवर्तमान ज्यानें त्यानें मोकळ्या मनानें व भरल्या पोटीं ऐकावें.

दुसरी ही कीं, एकटें दिसलेलें प्रत्येक पिलूं पोरकें नसतें. जुन्नर भागांत ऊसतोडणीच्या वेळीं फडांत बिबट्याचे बछडे सांपडतात. पूर्वी लोक घाबरून किंवा कींव येऊन त्यांना उचलून नेत. आतां वनखात्याचे लोक ते बछडे तपासून संध्याकाळीं त्याच जागीं पेटींत ठेवितात, आणि पुष्कळ वेळां रात्रीं मादी येऊन त्यांना घेऊन जाते. गवतांत निजलेल्या पाडसाचेंही असेंच असतें. आई चरावयास गेलेली असते. आईपासून लेंकरूं तोडून त्याला पोरकें करणें आणि मग त्याच्यावर दया करणें ही दया नव्हे. गरीब विधवेचें मूल वसतिगृहांत घालण्याची घाई करण्यापूर्वी त्या विधवेच्या चुलीला हातभार लाविला तर माय व लेंकरूं दोन्ही एकत्र राहतील काय, हें पंचांनीं आधीं पाहावें.

तिसरी ही कीं, खरोखर टाकलेलें किंवा हरवलेलें मूल सांपडलें तर तें गुपचूप घरांत ठेवूं नये, किंवा परस्पर कोणाला देऊंही नये. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें अशा मुलाची खबर चोवीस तासांच्या आंत दिली पाहिजे. १०९८ या क्रमांकावर दूरध्वनि करितां येतो, पोलिसांस कळवितां येतें, किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढें मुलाला नेतां येतें. मूल दत्तक घ्यावयाचें तर तेंही कायद्याच्या वाटेनेंच घ्यावें. कित्येक भोळ्या बंधूंना हा कोरडा कारभार वाटतो. पण मुलें पळविणारे व विकणारेही तोंडानें दयेचीच भाषा बोलतात, आणि त्यांच्यापासून पोरांना वांचविण्यासाठीं हें कुंपण घातलेलें आहे.

शेवटीं शास्त्रांतल्या एका दुसऱ्या गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधितों. लूकाच्या सोळाव्या अध्यायांत लाजर नांवाचा एक भिकारी श्रीमंताच्या दाराशीं फोडांनीं भरलेला पडला आहे. आंत रोज मेजवानी चालली आहे. त्या दारावरून किती माणसें आंतबाहेर गेलीं असतील, कोण जाणे. पण त्यांपैकीं एकाचाही हात लाजराला लागल्याचें प्रभूनें सांगितलें नाहीं. त्याच्याजवळ आलीं तीं कुत्रीं, आणि त्यांनीं त्याचे फोड चाटले. टीकाकारांपैकीं कित्येक म्हणतात कीं, लाजराची दैना किती होती हें दाखविण्यासाठीं हें सांगितलें आहे. तसें असेल. तरी त्या सबंध अंगणांत लाजराच्या अंगाला लागलेली मऊ वस्तु एकच होती, आणि ती कुत्र्याची जीभ होती. तो श्रीमंत कोणत्या मोठ्या गुन्ह्यासाठीं दोषी ठरला? त्यानें लाजराला मारिलें नाहीं, हांकूनही दिलें नाहीं. तो फक्त त्याच्यावरून जात राहिला.

म्हणून उपदेशक बंधूंनीं येत्या रविवारीं उपासनेनंतर पंचांना घेऊन एक साधें काम करावें. आपल्या गांवांत, गांवठाणांत व वाडीवस्तीवर, पोरकीं मुलें किती आहेत, त्यांची नांवें काय, तीं कोणाच्या घरीं झोंपतात आणि सकाळीं काय खातात, हें विचारून यावें. जात व धर्म यांचे रकाने त्या कागदावर आंखूं नयेत. मग जें करण्यासारखें दिसेल तें मंडळीनें वांटून घ्यावें; कोणीं शाळेची फी, कोणीं दोन वेळचें जेवण, कोणीं तापांत उशापाशीं बसणें. आमच्या मंडळ्या गरीब आहेत हें खरें आहे. पण जास्मिनजवळ तरी काय होतें? एक अंग होतें, आणि त्याची ऊब होती.

ज्यानें आपलें दार बाहेरून उघडिलें, तो प्रभु येशू आपणां सर्वांस परक्याच्या लेंकरासाठीं जागा करण्याची बुद्धि देवो. आमेन.

— एक पाळक